३० मीटर केबल असेल तर अँटेना सगळ्यात शेवटी निवडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ५० वॅटचा ड्युअल बँड, म्हणजे दोन पट्ट्यांवर चालणारा, हॅम रेडिओचा सेट, १४५ आणि ४३५ मेगाहर्ट्झ. गच्चीवर पाईप उभारायची सोय आहे. सेटपासून पाईपच्या टोकापर्यंत ३० मीटर केबल लागते आणि आरजी-५८ या बारीक केबलचं अख्खं रीळ घरात पडून आहे. त्याच केबलवर सध्या एक साधा उभा अँटेना लावलाय. एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा, १ म्हणजे काहीच नाही) १.२ दाखवतो, तरी ४३५ वरचा रिपीटर (आपला सिग्नल पकडून पुन्हा पाठवणारं स्टेशन) जेमतेम उघडतो आणि त्याचा आवाज खरखरीत बुडालेला असतो. तेव्हा जास्त गेनचा, म्हणजे सिग्नल हव्या त्या दिशेत जास्त एकवटणारा, अँटेना घ्यायचा का, आणि घ्यायचा तर किती डीबीचा (डेसिबलचा)?

अँटेनाकडे येऊच, पण खरी अडचण तुमच्या त्या १.२ मध्ये दडलेली आहे. तो आकडा अँटेनाचा नाही, केबलचा आहे.

आरजी-५८ मध्ये १४५ ला दर १०० मीटरमागे साधारण २० डेसिबल जातात, ४३५ ला ३५ च्या आसपास (३ डेसिबल गेले की पॉवर निम्मी, १० गेले की एक दशांश). तुमच्या ३० मीटरला हिशेब होतो अनुक्रमे ६ आणि १०.५ डेसिबल. म्हणजे सेटमधून निघालेल्या ५० वॅटपैकी १४५ वर अँटेनापाशी साडेबारा वॅट पोचतात आणि ४३५ वर साडेचार. बाकीचे केबल कोमट करण्यात खर्च झाले. ४३५ पुरता तुमचा ५० वॅटचा सेट हँडीच्या (हातात धरायच्या छोट्या सेटच्या) पंक्तीला बसलाय.

आता एसडब्ल्यूआर. अँटेनाकडून परत येणारी लाट तीच केबल उलटी पार करून मीटरपर्यंत येते, म्हणजे लॉस दोनदा लागतो. ४३५ वर जाताना १०.५ आणि येताना १०.५, एकूण २१ डेसिबल. २१ डेसिबल रिटर्न लॉस (परतलेली लाट किती कमी झाली तो आकडा) म्हणजे एसडब्ल्यूआर १.२. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: गच्चीवर जाऊन अँटेना पूर्ण काढून ठेवलात, केबलचं टोक उघडं सोडलंत, तरी खालचा मीटर ४३५ ला १.२ च दाखवेल. १४५ वर तेच उघडं टोक १.७ च्या आसपास दिसेल, आणि १.७ बघून बरेच जण 'ठीकच आहे की' म्हणतील. वर ३ एसडब्ल्यूआरचा पार बिघडलेला अँटेना असला तर खाली १४५ ला १.३ दिसतो आणि ४३५ ला १.१ च्याही आत. म्हणून लांब, लॉसवाल्या केबलच्या खालच्या टोकाला सुंदर एसडब्ल्यूआर आला की मला आधी केबलचा संशय येतो.

ऐकण्याच्या बाजूला हेच नुकसान जास्त टोचतं. पाठवताना तरी वॅट वाढवून थोडी भरपाई होते. रिसीव्हरच्या आधी जो लॉस बसतो तो मात्र सरळ रिसीव्हरच्या नॉईज फिगरमध्ये (रिसीव्हर स्वतः किती खरखर घालतो त्या आकड्यात) मिळवला जातो, आणि सेटच्या आत कितीही गेन असला तरी तो परत मिळत नाही. त्यात एफएमचा स्वभाव असा की सिग्नल थ्रेशोल्डच्या (ज्याखाली आवाज तुटतो त्या पातळीच्या) वर असेल तर १० डेसिबल कमी होऊनही कानाला फारसा फरक कळत नाही, आणि थ्रेशोल्डजवळ असेल तर २-३ डेसिबलमध्ये 'स्पष्ट' चं 'काहीच कळेना' होतं. तुमचा रिपीटर तिथेच लटकलेला आहे. एक गोष्ट मात्र परिस्थितीवर अवलंबून राहील: तुमच्या भागात एलईडी दिवे, सोलर इन्व्हर्टर, स्वस्त चार्जर यांची विद्युत खरखर अँटेनापाशीच जास्त असेल, तर केबल सुधारल्यावर सिग्नलबरोबर ती खरखरही वाढेल आणि ऐकण्यातला फायदा अपेक्षेपेक्षा कमी मिळेल. १४५ वर हे जास्त जाणवतं, ४३५ वर कमी. पाठवण्यातला फायदा मात्र पुरा पदरात पडतो.

केबलचे आकडे एकदा समोर ठेवू. ३० मीटरला, आधी १४५ आणि मग ४३५ मेगाहर्ट्झ, सगळे अंदाजे:

आरजी-५८: ६ आणि १०.५ डेसिबल
आरजी-८एक्स: ४.६ आणि ८.४
आरजी-२१३: २.८ आणि ५
एलएमआर-४०० किंवा त्या जातीची फोमवाली केबल: १.५ आणि २.७
अर्धा इंची हार्डलाईन (जाळीऐवजी धातूच्या अखंड नळीची कडक केबल): ०.८ आणि १.५

हे आकडे चांगल्या, कोरड्या, नव्या केबलचे. आता यांवर अँटेना चढवून बघा. एकीकडे आरजी-५८ आणि त्यावर १४५ ला ६ डीबीआय (सगळीकडे सारखं पाठवणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेतला गेन), ४३५ ला ८ डीबीआय देणारा महागडा फायबरग्लासचा अँटेना. गेनमधून लॉस वजा केला की हातात राहतात ० आणि उणे २.५. दुसरीकडे एलएमआर-४०० आणि त्यावर तारांचा, घरी केलेला पाव-लहरी ग्राउंड प्लेन (तरंगलांबीच्या पाव लांबीची उभी तार आणि बुडाशी पसरलेल्या तारा), साधारण २ डीबीआयचा. (दोन्ही बँडला वेगवेगळा केलेला धरा.) तिथे राहतात अधिक ०.५ आणि उणे ०.७. म्हणजे दोन्ही बँडवर चार तारांचा अँटेना पुढे. शिवाय तोच महागडा अँटेना पुढे कधी चांगल्या केबलवर गेला तर अधिक ४.५ आणि ५.३ मिळतात. म्हणून क्रम असा: आधी केबल किती लांब आणि कोणती, मग उंची किती, आणि मग अँटेना. पैसे मोजकेच असतील तर ते याच क्रमाने संपू द्या.

'जाड केबल घ्या' हे सांगून माझं काम संपत नाही, कारण कधीकधी उत्तर केबल बदलण्यात नसतं, ती आखूड करण्यात असतं. तुमच्या सेटचं तोंड, म्हणजे डिस्प्ले आणि बटणांचा भाग, सुटा होतो का बघा. होत असेल तर मुख्य डबा जिन्याच्या माथ्यावर किंवा गच्चीखालच्या खोलीत बसवून तोंड तेवढं पातळ वायरने खाली आणता येतं. ३० मीटरची केबल १० मीटरवर आली की साध्या आरजी-२१३ मध्येही १४५ ला ०.९ आणि ४३५ ला १.७ डेसिबलच जातात, म्हणजे ३० मीटर एलएमआर-४०० पेक्षाही कमी. यात एक ठेच ठरलेली. लोक १३.८ व्होल्टचा पॉवर सप्लाय खालीच ठेवतात आणि तिथून डीसीची जोडी वर नेतात. ५० वॅटवर असा सेट १० अँपिअरच्या घरात ओढतो. २० मीटर अंतर, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, जाऊन-येऊन ४० मीटर: जवळपास पावणेदोन व्होल्ट वाटेतच पडतात आणि सेटला बारा कसेबसे मिळतात. सप्लाय सेटच्या शेजारी ठेवा आणि वर मेन्स न्या. तिथलं तापमान आणि पावसाची झड यांचा विचार करा. पत्र्याखालच्या बंद पेटीत सेट ठेवला तर उन्हाळ्यात तो स्वतःच पॉवर कमी करेल.

सेट हलवणं शक्य नसेल तर ३० मीटरला माझी निवड एलएमआर-४०० ची जात. आरजी-२१३ ही तगडी, वाकायला सोशिक केबल आहे आणि फक्त १४५ वर काम असतं तर मी तिच्यावर थांबलो असतो. पण तुमचं दुखणं ४३५ चं आहे आणि तिथे ५ डेसिबल म्हणजे दोन तृतीयांश पॉवर गेली. हार्डलाईन उत्तमच, पण तिचे कनेक्टर वेगळे, वाकवायचं तंत्र वेगळं, आणि एलएमआर-४०० वरून तिच्यावर गेल्याने ४३५ ला सव्वा डेसिबल वाचतो. केबल ५०-६० मीटर असती तर तिचा आग्रह धरला असता.

एलएमआर-४०० जातीच्या केबलचे दोन नखरे आधीच माहीत असू द्या. आतला तांब्याचा मुलामा दिलेला ॲल्युमिनियमचा गाभा भरीव असतो, त्यामुळे सतत हलणाऱ्या ठिकाणी ती थकते. रोटरभोवतीचा (अँटेना फिरवणाऱ्या मोटरभोवतीचा) वेढा किंवा सेटमागचा शेवटचा अर्धा मीटर इथे ही केबल थेट लावू नका. शिवाय तिच्या ताणाने सेटचं सॉकेट ढिलं होतं. तिथे अर्धा-एक मीटरचा मऊ तुकडा जोडा, आणि एवढ्या आखूड तुकड्याला आरजी-८एक्ससुद्धा चालते. दुसरं, आतलं डायइलेक्ट्रिक (गाभा आणि जाळी यांच्यामधला थर) फोमचं असल्याने ती दाबाने पिचकते. झिपटाय करकचून ओढला, दारात चेपली, कोपऱ्यावर काटकोनात मोडली, की त्या जागी इम्पिडन्स (केबलचा ओममधला आकडा, इथे ५०) बदलला आणि तो परत येत नाही. बसवताना एकदाच वाकवायचं वळण २.५ सेंटिमीटर त्रिज्येपर्यंत चालतं, पुन्हापुन्हा वाकणार असेल तर १० सेंटिमीटरच्या खाली जाऊ नका. दर मीटर-दीड मीटरला काळ्या, उन्हाला टिकणाऱ्या टायने सैलसर बांधा, म्हणजे सगळं वजन वरच्या कनेक्टरला लटकणार नाही.

विकत घेताना तुकड्याचं टोक सोलून बघा. एलएमआर-४०० मध्ये जाळीखाली ॲल्युमिनियमचा पत्रा पूर्ण गुंडाळलेला असतो. आरजी-२१३ मध्ये तांब्याची जाळी इतकी दाट हवी की खालचं डायइलेक्ट्रिक जवळजवळ दिसू नये. जाळीतून पांढरं मैदान दिसत असेल तर वरच्या छपाईवर विश्वास ठेवू नका, लॉस तक्त्यातल्यापेक्षा जास्तच निघणार.

टीव्हीची ७५ ओमची आरजी-६ चालेल का, हा पुढचा प्रश्न तुमच्या मनात असेलच. लॉसच्या बाबतीत ती आरजी-२१३ च्या जवळपास, किंबहुना किंचित बरी आहे, आणि ७५-५० चा बेमेळ लोक समजतात तेवढा भयंकर नाही. ५० ओमच्या अँटेनावर केबलमधला एसडब्ल्यूआर १.५ होतो, बस्स. पण केबलच्या लांबीनुसार सेटला तो १ पासून २.२५ पर्यंत काहीही दिसू शकतो, आणि २ च्या वर गेला की बरेच सेट पॉवर आवरतात. ॲल्युमिनियमच्या जाळीला सोल्डर धरत नाही, ५० ओमच्या सेटला जोडायला ॲडाप्टरची माळ लागते. नुसतं ऐकायचं असेल तर खुशाल वापरा. पाठवायला, नाईलाज असेल तरच.

आता उंची. १४५ आणि ४३५ वर रेडिओचं क्षितिज ढोबळमानाने किलोमीटरमध्ये ४.१ गुणिले उंचीच्या मीटरचं वर्गमूळ. १० मीटरला १३ किलोमीटर, २० मीटरला १८. समोरच्याच्या उंचीचं क्षितिज यात मिळवायचं. सपाट जमिनीवर, दूरच्या स्टेशनशी बोलताना अँटेनाची उंची दुप्पट केली की सुमारे ६ डेसिबल मिळतात. १० मीटरचा २० मीटर करायला एलएमआर-४०० चे आणखी १० मीटर लागले तर १४५ ला अर्धा डेसिबल आणि ४३५ ला ०.९ गमावता. सौदा फायद्याचाच. आरजी-५८ वर मात्र तेच १० मीटर ४३५ ला साडेतीन डेसिबल खातात आणि उंचीची निम्मी कमाई तिथेच जाते. डोंगराळ किंवा दाट वस्तीच्या जागी हे ६ डेसिबलचं गणित मोडतं. शेजारची इमारत आड असेल तर ती ओलांडणारा एक मीटर सगळ्या गणिताहून मोलाचा असतो, आणि ती ओलांडता येत नसेल तर गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकल्यानेही फरक पडतो. पाईप कायमचा गाडण्याआधी हँडी घेऊन गच्चीभर फिरा, रिपीटर कुठे जास्त उघडतो ते बघा. ४३५ वर अर्ध्या मीटरच्या सरकण्याने सिग्नल चढतो-उतरतो, तेव्हा एकाच बिंदूवरून निष्कर्ष काढू नका.

पाण्याची लोखंडी टाकी, टॉवरचे पाय, रेलिंग यांच्यापासून अँटेना किमान एक मीटर दूर ठेवा, १४५ ला ती अर्धी लहर झाली. विजेच्या तारांपासूनचं अंतर मात्र वेगळ्या हिशेबाने: पाईप आणि अँटेना मिळून जी लांबी, तिच्या दीडपट. पाईप कोसळला तर कोणत्या दिशेला कोसळेल हे आपल्या हातात नसतं.

मग अँटेना. डब्यावर नुसतं 'डीबी' लिहिलेलं असेल तर डीबीआय धरा, डायपोलशी (मधून जोडलेल्या साध्या अर्ध-लहरी तारेशी) तुलना करायची तर त्यातून २.१५ वजा करा. आणि आकड्याआधी लांबी बघा. उभ्या अँटेनात गेन फुकट येत नाही, लांबीतून येतो: ३ डेसिबल वाढवायचे तर लांबी जवळपास दुप्पट. १४५ ला नुसती अर्धी लहरच एक मीटर भरते आणि ती देते २.१५ डीबीआय. तेव्हा १.२ मीटरच्या काठीला कोणी १४५ वर ८ डीबी म्हणत असेल तर तो आकडा भौतिकशास्त्रातून आलेला नाही. १४५ ला ६ डीबीआयसाठी अडीच-तीन मीटर आणि ८ च्या आसपाससाठी पाच मीटरची काठी लागते. ही पाच मीटरची काठी वाऱ्यात डोलते, तिचे सांधे आतून तुटतात, आणि मग एका दिशेला वाकली की आवाज येतो, दुसऱ्या दिशेला वाकली की जातो असा विचित्र दोष सुरू होतो.

शिवाय गेन म्हणजे उभ्या दिशेतलं चेपणं. डायपोलचा उभा पट्टा ७८ अंशांचा असतो. ४३५ वर ११ डीबीआयच्या अँटेनाचा पट्टा ७ अंशांच्या आसपास, म्हणजे क्षितिजाच्या वर साडेतीन आणि खाली साडेतीन. समजा रिपीटर ३ किलोमीटरवरच्या, तुमच्याहून ३०० मीटर उंच डोंगरावर आहे. त्याचा कोन होतो ५.७ अंश. तुमचा महागडा अँटेना त्याच्या पायथ्यावर प्रकाश पाडतो आणि शेजारी चार तारांचा ग्राउंड प्लेन लावणाऱ्याचा आवाज जास्त चांगला जातो. उलट मैदानी मुलूख, दूरची स्टेशनं, मोकळं क्षितिज असेल तर तोच गेन कामाचा. तुमच्या भोवतालचं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून हा निर्णय तुम्हालाच घ्यावा लागेल. काहीच ठरत नसेल तर १.७ ते २.५ मीटरच्या मधला, मध्यम गेनचा ड्युअल बँड फायबरग्लास घ्या.

तोवर, किंवा त्याऐवजी, ग्राउंड प्लेन करून बघा. पाव लहरीची उभी तार: ७१.२५ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये. १४५ ला ४९ सेंटिमीटर, ४३५ ला १६.४. चार रेडियल (बुडाशी पसरलेल्या तारा) साधारण ५ टक्के लांब, म्हणजे ५१-५२ आणि १७ सेंटिमीटर, ४५ अंशांत खाली झुकवलेले. झुकवण्याचं कारण इम्पिडन्स: आडवे ठेवले तर तो बराच खाली असतो, झुकवले की ५० ओमच्या जवळ येतो. पॅनेलला बसणारं एन जातीचं कनेक्टर-सॉकेट, त्याच्या चार भोकांत रेडियल, मधल्या पिनवर उभी तार. तार सेंटिमीटरभर लांबच ठेवा आणि कापत कापत जागेवर आणा. १४५ साठी कापलेला हा अँटेना ४३५ वरही बरा एसडब्ल्यूआर दाखवतो, कारण तिथे तो पाऊण लहरीचा होतो, पण त्याचा बराचसा जोर वरच्या कोनात जातो. म्हणून ४३५ वर गंभीर काम असेल तर वेगळा करा.

तुमचं खरं लक्ष्य जर तो एकच रिपीटर असेल तर उभ्या काठीचा नाद सोडून ४३५ चा यागी लावा, म्हणजे एका दांड्यावर (बूमवर) ओळीने काड्या (एलिमेंट) बसवलेला, एका दिशेला रोखायचा अँटेना. ५-६ एलिमेंटचा, एक मीटरच्याही आतला यागी ९-१० डीबीआय सहज देतो, आणि मागून-बाजूने येणारी खरखर कमी करतो ते वर. एलिमेंट उभे ठेवा, कारण एफएम रिपीटर उभ्या ध्रुवणावर असतात. आडवे ठेवलेत तर कागदावर २० डेसिबल किंवा जास्तच जातात. आणि उभ्या एलिमेंटचा यागी लोखंडी पाईपावर मधोमध धरू नका, पाईपच एक एलिमेंट होऊन बसतो. बूमच्या मागच्या टोकाला धरा, किंवा वरचा मीटरभर भाग फायबरग्लासचा घ्या.

कनेक्टर. १४५ ला पीएल-२५९ हा नेहमीचा कनेक्टर निर्धास्त वापरा. ४३५ ला, आणि बाहेर उघड्यावर तर नक्कीच, एन. 'दर कनेक्टरला अर्धा डीबी जातो' ही ऐकीव गोष्ट, नीट बसवलेल्याचा लॉस डेसिबलच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. जातं ते खराब बसवलेल्यात. पीएल-२५९ ला जाळी चार भोकांतून सोल्डर करायची असते आणि त्याला १०० वॅटच्या घरातलं, जाड टोकाचं सोल्डरिंग आयर्न हवं. २५ वॅटच्या काडीने शेकत बसलात तर कनेक्टर तापेपर्यंत आतलं डायइलेक्ट्रिक वितळतं, गाभा सरकतो आणि जाळीला टेकतो. फोमवाल्या केबलला तर मी क्रिंपच (सोल्डरऐवजी दाबून बसवायचा कनेक्टर) सांगेन. एन घेताना ५० ओमचाच आहे ना हे बघा: ७५ ओमच्याची मधली पिन बारीक असते, आणि ५० ची जाड पिन त्याच्या सॉकेटात घुसवली की ते सॉकेट कायमचं फाकतं. प्रत्येक कनेक्टर बसवल्यावर मल्टिमीटर लावा: गाभा ते जाळी उघडं, गाभा ते गाभा जोडलेलं, आणि हे बघताना केबल हलवत राहा.

पाणी हा केबलचा मोठा शत्रू, आणि ते बहुतेकदा वरच्या कनेक्टरमधून शिरतं. पीएल-२५९ पाणी रोखत नाही. एनमध्ये रबरी कडी असते, तरीही गुंडाळा. आधी साध्या विनाईल टेपचा एक पातळ थर, म्हणजे पुढे कधी सोडवताना चिकट लगदा खरवडावा लागणार नाही. त्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप, रुंदी निम्मी होईपर्यंत ताणून, अर्धी अर्धी चढवत. कनेक्टरच्या दोन्ही बाजूंना केबलवर ५ सेंटिमीटर तरी जाऊ द्या. ही टेप उन्हात टिकत नाही, म्हणून वर पुन्हा विनाईल. शेवटचा थर खालून वर चढवत न्या, म्हणजे कौलं जशी बसतात तसे थर बसतात आणि पाणी सांध्यात न जाता ओघळतं. शेवटचा वेढा ताणू नका, ताणलेलं टोक काही महिन्यांत उलगडतं. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन इथे लावू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. फायबरग्लास अँटेनाच्या बुडाला बारीक भोक असतं ते बुजवू नका, आत जमलेली दमट हवा तिथूनच निचरते. केबल घरात शिरण्याआधी खाली एक झोल सोडा, पाणी तिथून टपकू दे.

पाणी शिरलेली केबल ओळखायची खूण उलटी असते: एसडब्ल्यूआर हळूहळू 'सुधारतो'. जाळी काळी पडते, लॉस वाढतो, परतणारी लाट वाटेतच मरते आणि खालचा मीटर दरवर्षी अधिक गोजिरा दिसू लागतो.

विजेबद्दल थोडक्यात. पाईप आणि केबलची जाळी इमारतीच्या मुख्य अर्थिंगला जोडा, घरात शिरण्याच्या जागी गॅस ट्यूबवाला अरेस्टर (विजेचा झटका अर्थकडे वळवणारा) लावा, आणि त्याची अर्थ त्याच प्रणालीला बांधा. बागेत वेगळी सळई ठोकून ती इमारतीच्या अर्थशी न जोडणं धोक्याचं, कारण वीज पडल्यावर दोन अर्थमधला फरक तुमच्या सेटमधून वाहतो. हे सगळं केलं तरी गडगडाट सुरू होण्याआधी केबल सेटपासून सोडवून ठेवायचीच.

आता तपासणी, आणि ती काही विकत घेण्याआधीच करा. नॅनोव्हीएनए (केबल आणि अँटेना मोजणारं छोटं यंत्र) मिळवा, खालच्या टोकाला लावून कॅलिब्रेट करा, वरचं टोक उघडं ठेवा. १४५ आणि ४३५ ला रिटर्न लॉस वाचा आणि त्याचं निम्मं करा, तो तुमच्या केबलचा एकमार्गी लॉस. आलेख थोडा लहरत जाईल, सरासरी धरा. तुमच्या आरजी-५८ ला १२ आणि २१ च्या आसपास यायला हवं. त्याहून बरंच जास्त आलं तर केबल भिजलेली किंवा बनावट आहे. नवी एलएमआर-४०० टाकल्यावर हेच आकडे ३ आणि साडेपाचजवळ यायला हवेत, आणि ते भिंतीवर चिकटवून ठेवा, दोन वर्षांनी तुलनेला लागतात. नॅनोव्हीएनए नसेल तर वर ५० ओमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा) लावा, सेट कमी पॉवरवर ठेवा, आणि एकाच वॉटमीटरने आधी खाली, मग वर मोजा. निम्मी आली तर ३ डेसिबल, पाव आली तर ६. मीटर ४३५ पर्यंतचा आहे याची खात्री करा, २७ मेगाहर्ट्झसाठी केलेले मीटर इथे काहीही सांगतात.

अँटेनाचा एसडब्ल्यूआर मात्र वर जाऊन, मीटरभर केबलवर मोजा. तिथे १.५ असेल तर हात लावू नका. २ असला तरी एलएमआर-४०० वर १४५ ला जादा लॉस पाव डेसिबल, त्यासाठी गच्चीवर दुपार घालवण्यात अर्थ नाही. ३ च्या वर असेल तर आधी कनेक्टर, मग जवळचं लोखंड, मग अँटेना असा शोध घ्या. केबलला हात लावल्यावर किंवा ती हलवल्यावर एसडब्ल्यूआर बदलत असेल तर जाळीच्या बाहेरून करंट खाली उतरतोय. हे रेडियल नसलेल्या उभ्या अँटेनांत जास्त होतं. बुडापाशी केबलवर व्हीएचएफला चालणारे फेराइटचे ३-४ मणी चढवा.

त्या आरजी-५८ च्या रिळाचं काय करायचं? फेकू नका. ७ मेगाहर्ट्झला ३० मीटरमध्ये ती एखादाच डेसिबल खाते आणि त्या बँडवर बाहेरची खरखर इतकी असते की ऐकण्यात तो जाणवतही नाही. कधी एचएफचा (३० मेगाहर्ट्झखालच्या बँडचा) डायपोल टांगलात तर ती तिथे चपखल बसेल. उघड्या टोकाचे दोन्ही आकडे मोजून, रिपीटरचं अंतर आणि मधे काय उभं आहे हे लिहिलंत, तर यागी की काठी हे नक्की सांगता येईल.